राजभवनाचा शब्द आणि चाळीस आमदारांचे सभागृह

दोनापावलाला काबोच्या टोकावर, जिथे एके काळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल राहत, तिथेच आज गोव्याच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. मुक्तीनंतरचे काही महिने लष्करी गव्हर्नरांचे गेले. जून १९६२ पासून नायब राज्यपाल आले. त्यांचा अधिकार मोठा होता. संघप्रदेशांसाठीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे मंत्रिमंडळाशी मतभेद झाला की प्रकरण राष्ट्रपतींकडे जायचे आणि तातडीच्या बाबतीत तोवर नायब राज्यपालच निर्णय घेऊ शकत.

३० मे १९८७ ला घटकराज्य झाले आणि हा अधिकार संपला. राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे, हे ठरले. हातात राहिली ती मुख्यतः एक गोष्ट: सरकार बनवायला कोणाला बोलवायचे. सभागृह चाळीस जणांचे, बहुमत एकवीसचे. दोघे-तिघे इकडचे तिकडे झाले की सरकार कोसळते. म्हणूनच हा एवढासा अधिकार इथे मोठ्या राज्यांपेक्षा कितीतरी जड पडतो.

२ फेब्रुवारी २००५ ला पर्वरीच्या सभागृहात विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सभापतींनी एका अपक्ष आमदाराला बाहेर काढले. ठराव संमत झाला आणि त्याच दिवशी राज्यपालांनी सरकार बडतर्फ केले. बहुमताचा निकाल सभागृहातच लागावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले होते. पण मतदारच बाहेर काढला, तर त्या निकालाला अर्थ काय? ४ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली.

तरी इथे मुद्दा आहे तो २०१७ च्या विधानसभा निवडणुकीनंतर राज्यपालांनी कोणाला बोलावले, याचा. सर्वात मोठ्या पक्षाला १७ जागा, दुसऱ्याला १३. मोठ्या पक्षात नेता कोण, यावरच खल चालू होता. तेवढ्यात दुसऱ्याने दोन प्रादेशिक पक्षांचे तीन-तीन आणि अपक्षांचे पाठिंबे जोडून दावा केला. राज्यपालांनी त्यालाच बोलावले. प्रकरण दिल्लीत गेले, तेव्हा न्यायालयाने मोठ्या पक्षाला विचारले, तुमच्याकडे आकडा होता तर राज्यपालांकडे का गेला नाहीत? बहुमत सिद्ध करायला राज्यपालांनी दिलेली पंधरा दिवसांची मुदत मात्र रद्द झाली. १६ मार्चला मतदान झाले: २२ विरुद्ध १६.

आकड्यांच्या हिशेबाने निर्णय टिकला. पण १७ जणांच्या पक्षाला आधी साधी विचारणाही झाली नाही, हे खटकते. मतदारांनी पहिला क्रमांक ज्याला दिला, त्याला एकदा बोलवून ‘नाही जमत’ असे त्याच्याच तोंडून ऐकायला दिवसभरही लागला नसता.

वर्षभराने, मे २०१८ मध्ये, कर्नाटकात नेमके उलटे झाले. निकालानंतर झालेल्या आघाडीकडे बहुमत असूनही सर्वात मोठ्या पक्षाला आधी शपथ मिळाली. तेव्हा गोव्यातला १७ जागा जिंकलेला पक्ष काबोला गेला आणि तोच न्याय आम्हालाही लावा, असे निवेदन राज्यपालांना देऊन आला. सरकार होते तेच राहिले.