रेड (RAID) आहे म्हणजे बॅकअप आहे? नाही हो!

डेडिकेटेड सर्व्हर (म्हणजे फक्त आपल्यासाठीचं अख्खं मशीन) भाड्याने घेताना हे हमखास ऐकू येतं, "अरे दोन डिस्क आहेत, रेड १ आहे, बॅकअपची कटकटच नाही." साफ चुकीचं. रेड म्हणजे एकाहून जास्त डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत, आणि रेड १ मधे एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवर पण, त्यामुळे एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहतो, बस एवढंच. रात्री दोनला अर्धवट झोपेत चुकीच्या डेटाबेसवर ड्रॉप टेबल (अख्खं टेबल उडवणारी कमांड) मारलंत (मी मारलंय, विचारू नका) की दोन्हीकडून एकदमच साफ.

आणि आग लागली तर? १० मार्च २०२१ ला फ्रान्समधे स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एसबीजी-२ डेटासेंटर जळून खाक झालं, तिथे कुठलं रेड कामाला येणार, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला.

म्हणून घेतानाच सरळ विचारा, बॅकअप कुठल्या शहरात ठेवता, भाड्यात धरलाय की वेगळे पैसे, डिस्क गेली तर बदलायला किती तास. आणि महिन्यातून एकदा तरी तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा, माझी पहिली बॅकअप फाईल निघाली शून्य केबीची.