साच्याची तपासणी कंपायलरकडे कशी आली

लातूरच्या मोंढ्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारी आडतीची पट्टी संगणकावर छापायची, असे एक प्रात्यक्षिक आम्ही प्रथम वर्षाला टर्बो सीवर, म्हणजे सी भाषेच्या एका जुन्या कंपायलरवर, केले होते. तुरीचे वजन १२.५ क्विंटल आणि दर २००० रुपये असताना पट्टीवर मात्र वजन ० आणि दरही ० असे उमटले. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने अवाक्षर काढले नव्हते.

चूक एका अक्षराची होती. सीमध्ये छपाई करणाऱ्या प्रिंटएफ या फंक्शनला दिलेल्या साच्यात, म्हणजे फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये, वजनाच्या जागी टक्क्याच्या चिन्हापुढे दशांश संख्येच्या एफऐवजी पूर्णांकाचा डी पडला होता. त्या १६ बिटी कंपायलरमध्ये पूर्णांक २ बाइटांचा आणि दशांश संख्या ८ बाइटांची असे. डी दिसताच प्रिंटएफने स्टॅकवरचे, म्हणजे फंक्शनला दिलेली मूल्ये ओळीने ठेवलेल्या स्मृतीतले, पहिले २ बाइट उचलले, आणि १२.५ ही संख्या साठवताना तिचे खालचे सहाही बाइट शून्य असल्याने तिथे ० छापले गेले. दरासाठी त्याने त्याच संख्येचे पुढचे २ बाइट घेतले, तेही शून्यच. खरा दर स्टॅकवर पुढे तसाच पडून राहिला. दर चुकला तो वजनाच्या खुणेमुळे, हे उमगायला आमचा अख्खा तास गेला.

साचा आणि मूल्ये वेगळी लिहिण्याची पद्धत सीच्या आधीची आहे. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तयार केलेल्या आणि १९५७ मध्ये बाहेर आलेल्या फोरट्रानमध्ये छपाईचा आराखडा फॉरमॅट नावाच्या, क्रमांक दिलेल्या स्वतंत्र विधानात असे आणि छापायची मूल्ये दुसऱ्या विधानात असत. निक्लाऊस विर्थ यांच्या पास्कलने हा दुरावा ठेवलाच नाही. तिथे राइट हे भाषेचेच अंग होते. प्रत्येक मूल्यापुढे अपूर्णविराम (:) देऊन रुंदी लिहायची, आणि मूल्याचा प्रकार कंपायलरला आधीच ठाऊक असल्याने विसंगतीला जागाच उरत नसे. मात्र कितीही मूल्ये घेणारे तसे साधन प्रोग्रॅमरला स्वतः लिहिता येत नव्हते.

सीने नेमका उलटा मार्ग धरला. बीसीपीएल या आधीच्या भाषेतील राइटएफच्या वळणाने आलेला प्रिंटएफ भाषेत न ठेवता लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, ठेवला गेला. भाषा आटोपशीर राहिली, नव्या यंत्रावर नेणे सोपे झाले, आणि या निर्णयाचे कौतुकही पुष्कळ झाले. ते रास्तही आहे. पण त्याची किंमत अशी की साच्यातील मजकूर कंपायलरच्या दृष्टीने निव्वळ अक्षरांची माळ झाला. त्या अक्षरांना अर्थ आहे हे फक्त प्रिंटएफलाच माहीत, आणि तेही प्रोग्रॅम चालू झाल्यावर. पुढच्या सगळ्या खटपटी या एका निर्णयाची भरपाई करण्यासाठी झाल्या, असे माझे मत आहे.

पहिली भरपाई बाहेरून झाली. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये लिंट हे तपासनीस साधन लिहिले, आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत एखादे फंक्शन प्रिंटएफसारखे आहे हे टिप्पणीतून कळवण्याची सोय आली. जीसीसी या सीच्या कंपायलरने हीच कल्पना कंपायलरच्या आत आणली: साचा कितव्या जागी आहे आणि मूल्ये कुठून सुरू होतात हे फंक्शनवर नोंदवले की कंपायलर दोन्ही ताडून पाहतो. तरीही ही सूचनाच होती, भाषेचा नियम नव्हे, आणि सूचना दुर्लक्षून पुढे जाणे कोणालाही शक्य होते.

२००० साली हे दुर्लक्ष महागात पडले. डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाइल पाठवण्याच्या सर्व्हरमध्ये वापरकर्त्याने पाठवलेला मजकूरच साचा म्हणून वापरला जात होता. प्रिंटएफच्या खुणांमध्ये एन ही एक खूण छापण्यासाठी नसून, आतापर्यंत किती अक्षरे छापली तो आकडा स्मृतीत लिहिण्यासाठी आहे. तिच्या आधारे परक्या माणसाला सर्व्हरच्या स्मृतीत हवे ते लिहिता येऊ लागले. हा दोष जुना झाला असे समजण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये टक्क्याची चिन्हे असलेल्या नावाच्या वाय-फायला जोडताच आयफोनचे वाय-फाय बंद पडत असल्याचे आढळले होते.

दरम्यान फंक्शनल भाषांचे, म्हणजे फंक्शनांच्या जोडणीवर उभ्या असलेल्या भाषांचे, अभ्यासक मुळाशी गेले होते. ओकॅमल या अशाच एका भाषेचा कंपायलर साच्यातील खुणा वाचून त्या साच्यालाच एक प्रकार बहाल करतो, त्यामुळे चुकीचे मूल्य दिले तर ती साधी प्रकाराची चूक ठरते. ऑलिव्हिए डॅनव्ही यांनी १९९८ मध्ये दाखवले की साचा अक्षरांऐवजी फंक्शनांच्या जोडणीने मांडला, तर कंपायलरला खास काही शिकवावेही लागत नाही. २०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या रस्ट या भाषेत छपाई मॅक्रोने, म्हणजे कंपाइल होतानाच उलगडणाऱ्या साधनाने, होते आणि साचा प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असावा लागतो, त्यामुळे तो तेव्हाच तपासता येतो.

सी प्लस प्लसला मात्र वेळ लागला. तिथल्या स्ट्रीम्स, म्हणजे मूल्ये एकामागून एक छपाईच्या प्रवाहात सोडण्याची सोय, प्रकार सांभाळत, पण वाक्याचे तुकडे करत. व्हिक्टर झ्वेरोविच यांच्या एफएमटी लायब्ररीवर आधारलेले फॉरमॅट सी प्लस प्लस २० मध्ये आले, तेव्हा सुरुवातीच्या मसुद्यात साचा चुकला तर प्रोग्रॅम चालताना अपवाद (एक्सेप्शन), म्हणजे चुकीचा इशारा, फेकला जाई. २०२१ मध्ये हा नियम मागील प्रभावाने बदलण्यात आला. आता साचा अशा प्रकारच्या वस्तूत घेतला जातो की तिची घडण कंपाइल होतानाच पूर्ण व्हावी लागते. घडणीत चूक सापडली की कंपाइल होणेच थांबते.

भाषांतरापाशी मात्र ही तपासणी अडते. इंग्रजीत ‘अमुक फाइलची ओळ’ म्हणताना ओळ आधी येते आणि मराठीत फाइल, म्हणून मराठी साचा वेगळ्या फाइलमधून, प्रोग्रॅम चालताना येतो आणि कंपायलरला तो दिसत नाही. प्रोग्रॅममधील मजकुराचे भाषांतर करण्याच्या गेटटेक्स्ट या साधनसंचात ही उणीव एमएसजीएफएमटी हे साधन भरून काढते: मूळ आणि भाषांतरित साच्यातील खुणा जुळतात का, हे ते भाषांतराची फाइल बांधतानाच पाहते, आणि खुणांना क्रमांक दिलेले असतील तर त्यांची अदलाबदलही मान्य करते.

पट्टीच्या रकान्याचा प्रश्न मात्र तिथेही सुटत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह (काना-मात्रेसारखी खूणही) ३ बाइटांचे असते आणि सीचा प्रिंटएफ रुंदी बाइटांत मोजतो. रकाना डावीकडून लावून रुंदी १२ ठेवली, तर ९ बाइटांच्या ‘बीड’नंतर ३ मोकळ्या जागा सुटतात आणि १५ बाइटांच्या ‘लातूर’नंतर एकही सुटत नाही, प्रकार अचूक जुळलेले असल्याने कंपायलर याबद्दल काहीच बोलत नाही.