७७७ देऊनही प्लगिन का टाकता येत नाही?

वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) नवीन प्लगिन, म्हणजे जास्तीची सोय देणारा जोड, टाकायला गेलं की बऱ्याचदा एफटीपीचा (सर्व्हरवर फाइली चढवायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड मागणारी स्क्रीन येते, मग कोणीतरी सांगतं की फोल्डरला ७७७ परमिशन देऊन टाक, आणि ती दिली तरी स्क्रीन काही हटत नाही.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक ग्रुप असतो आणि मग बाकीचे सगळे. ७७७ सारखे परमिशनचे तीन आकडे या तिघांचे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, त्यांची बेरीज. म्हणजे ७५५ मध्ये मालकाला सगळी मुभा, इतरांना लिहिता येत नाही. फोल्डरवर मात्र त्या १ चा अर्थ आत शिरायची परवानगी असा होतो, आणि फोल्डरमध्ये नवीन फाइल बनवायची किंवा जुनी उडवायची तर राइट परमिशन त्या फोल्डरचीच लागते.

आता खरी गंमत. वर्डप्रेस हे आकडे बघतच नाही! ते एक छोटी टेम्पररी फाइल बनवतं आणि तिचा मालक नि वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक एकच आहे का, ते तपासतं. उबंटू या लिनक्सवर अपाचे हा वेब सर्व्हर चालतो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या युजरने, आणि फाइली तुम्ही चढवलेल्या असतात स्वतःच्या लॉगिनने किंवा रूटने (सर्व्हरचा मुख्य युजर), मग ७७७ मुळे टेम्पररी फाइल बनते खरी, पण मालक वेगळा निघतो आणि एफटीपी मागितलं जातं. फायदा शून्य, आणि सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तुमच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, टाकायची सोय मात्र झाली.

शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पीएचपी बहुतेक तुमच्याच अकाउंटने चालतं म्हणून तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) असेल तर फोल्डर ७५५, फाइली ६४४ आणि मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे, एवढ्यावर प्लगिन सरळ बसतं. पण मग एखाद्या प्लगिनमध्ये भोक सापडलं तर हल्लेखोरालाही त्याच युजरने सगळा कोड बदलता येतो, म्हणून ज्या साइटवर लोकांचे पैसे किंवा माहिती आहे तिथे मी तरी हे करू नका म्हणेन. तिथे कोडची मालकी आपल्या लॉगिनकडे ठेवा, वेब सर्व्हरला फक्त अपलोड्सचा फोल्डर लिहायला द्या (आणि त्यात पीएचपी चालणं बंद करा), आणि प्लगिन टर्मिनलवरून डब्ल्यूपी-सीएलआयने (कमांड देऊन वर्डप्रेस सांभाळायचं साधन) टाका.