हात बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची परभणीला आली की आई तिला काठवटीसमोर बसवते. यंदा पहिल्या आठवड्यात निम्म्या भाकरी तव्यावर टाकतानाच फाटल्या. "आजी, किती जोरात थापायचं ते सांग ना." आईचं एकच उत्तर, "हाताला कळतंय माय."

आई काही टाळत नव्हती. तिला ते खरंच सांगता येत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या आठवणी त्याच्याजवळ टिकेनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात चांगला वळला. पण आदल्या दिवशी आपण हेच केलं होतं, हे मात्र त्याला आठवत नसे. हाताचं शिकणं आणि सांगता येणारी आठवण यांची मेंदूतली घरं वेगळी आहेत.

ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे उंडा गव्हाच्या कणकेसारखा ताणला जात नाही. गरम पाण्यानं स्टार्च फुगून थोडा चिकटपणा येतो, बाकी सगळी भिस्त हातावर. एक हात थापतो, दुसरा कडेला आधार देतो आणि भाकरी फिरत राहते. कडेला चीर पडलेली डोळ्यांना दिसून हात सावरेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी जातो, तोवर पुढची थाप पडायला निघालेलीही असते. म्हणून मेंदूला आधीच अंदाज बांधावा लागतो. हे काम मुख्यतः डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचं. आकारानं छोटा, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात आहेत. अंदाज चुकला की तिथल्या जोडण्या थोड्या बदलतात. म्हणजे फाटलेली भाकरी वाया जात नाही, शिकवणी तिचीच असते. लेकराचा हात धरून भाकरी थापून घेतली तर ती गोल होईल. पण अंदाज त्याचा नसतो, मग चुकणार काय आणि सुधारणार काय?

१९२० च्या दशकात मॉस्कोत माणसाच्या हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपल्या. खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडं वेगळं हलायचं, तरी घाव बसायचा छिन्नीवरच. हात बसणं म्हणजे एकच हालचाल घोटणं नव्हे. दर वेळी नव्यानं जुळवून घेता येणं, हे खरं कसब. आईच्या भाकरीतही तेच आहे. मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ निराळं, विरी गेलेलं म्हणजे चिकटपणा हरवलेलं जुनं पीठ निराळं, पाणी कधी जास्त कढत तर कधी कोमट.

सुट्टी संपता संपता आईनं मुद्दाम जुन्या डब्यातलं पीठ काढलं. भाचीच्या पहिल्या दोन भाकरी फाटल्या. तिसऱ्या वेळी तिनं उंडा लहान घेतला आणि हात हलका केला. असं का केलंस, म्हणून विचारलं, तर तिला सांगता येईना.