मिस्ट्री स्काइप

दोन दूरच्या शाळांतील वर्गांनी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर येऊन एकमेकांचे ठिकाण ओळखण्याचा खेळ. प्रश्न असा हवा की उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल. ज्या वर्गाला आधी ओळखता येईल तो जिंकला. स्काइप हे व्हिडिओ कॉलचे ॲप आता बंद झाले असले तरी खेळाचे हे नाव अजून ऐकू येते.

दोन्हीकडचे शिक्षक आधी वेळ ठरवतात, पण मुलांना समोरचा देश कोणता ते सांगत नाहीत. भिंतीवरचा नकाशा, शाळेच्या नावाचा फलक, गणवेशावरचा बिल्ला हे सगळे कॅमेऱ्यात येणार नाही असे पाहावे लागते. खिडकी मात्र हमखास विसरली जाते. आपल्याकडे टळटळीत दुपार आणि पडद्यावर बाहेर अंधार, एवढ्यावरून चलाख मुले बराचसा नकाशा वगळून टाकतात.

वर्गात कामे वाटलेली असतात. दोघे-तिघे प्रश्न विचारतात, एक गट नकाशासंग्रह उघडून देश खोडत जातो, एक जण फळ्यावर नोंद ठेवतो, तर काही जण समोरून आलेल्या प्रश्नांची उत्तरे पडताळतात. हे शेवटचे काम वाटते तितके सोपे नाही. ‘कर्कवृत्त तुमच्या राज्यातून जाते का?’ असे कोणी विचारले, तर ठामपणे ‘नाही’ म्हणण्याआधी महाराष्ट्रातल्या मुलांनाही नकाशा बघावा लागतो.

खेळाचे खरे मर्म प्रश्न निवडण्यात आहे. जगात सुमारे १९५ देश आहेत. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्यांपैकी निम्मे बाद होत गेले, तर देशापर्यंत पोहोचायला आठ प्रश्न पुरतात. नवखा वर्ग ‘तुम्ही जपानमध्ये आहात का?’ असे विचारतो आणि ‘नाही’ आल्यावर एकच देश कमी होतो. ‘विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का?’ हा प्रश्न हुशारीचा वाटतो, पण बहुतेक देश उत्तरेलाच असल्याने ‘हो’ आल्यास हाती थोडेच लागते. त्यापेक्षा ‘आशिया किंवा युरोपात आहात का?’ हा प्रश्न यादीचे जवळजवळ दोन समान भाग करतो. पाठ्यपुस्तकातला खंडांचा धडा इथे प्रथमच कामाला येतो.

भारतातील शाळांना जोडीदार मिळण्यात घड्याळ आडवे येते. ब्रिटनमध्ये सकाळी ९ वाजता भारतात उन्हाळ्यात दुपारचे १.३० आणि हिवाळ्यात २.३० होतात, त्यामुळे ते जमते. जपानशी सकाळी जमते. न्यूयॉर्कची शाळा ९ वाजता भरते तेव्हा मात्र इथे संध्याकाळचे ६.३० किंवा ७.३० वाजलेले असतात. मग मुलांना संध्याकाळी पुन्हा शाळेत बोलवावे लागते.

शिक्षकांना जोडीदार वर्ग शोधता यावेत म्हणून स्काइपने २०११ साली ‘स्काइप इन द क्लासरूम’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने स्काइप विकत घेतले. या खेळाबरोबरच शास्त्रज्ञ, लेखक यांच्याशी वर्गाची गाठ घालून देणे आणि दूरस्थ सहलीही तिथे ठरत.

महाराष्ट्रात या प्रकारच्या कामाशी जोडले गेलेले ठळक नाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा तणाव असलेल्या देशांतील मुलांना त्यांनी एकमेकांशी बोलते केले. हे खेळाच्या पुढचे पाऊल होते, कारण तिथे ठिकाण ओळखणे दुय्यम ठरते. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि करोनामुळे त्याची घोषणाही त्यांनी घरबसल्या पडद्यावरच ऐकली.

करोनाकाळातल्या ऑनलाइन तासांशी या खेळाची गल्लत करू नये. त्या तासांत प्रत्येक मूल आपापल्या घरी एकटे होते. इथे अख्खा वर्ग एका खोलीत असतो आणि एकाच पडद्याभोवती कुजबुजत ठरवतो. म्हणून एक संगणक, एक प्रोजेक्टर आणि आवाज सर्वांपर्यंत नेणारा स्पीकर एवढ्यावर भागते. मुलांनी पूर्ण नाव व पत्ता सांगायचा नाही, हा संकेत पाळला जातो.

५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. खेळ झूम, गूगल मीट आणि टीम्सवर ‘मिस्ट्री कॉल’ अशा नावांनी चालू आहे.