बायोप्सीचा तुकडा दोन लॅबमध्ये वाटू नका

त्वचेवरची गाठ, न भरणारी जखम किंवा काळा डाग तपासायला आणणाऱ्यांसाठी

आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बायोप्सीच्या तुकड्याची डबी ठेवता ठेवता बहुतेक नातेवाईक एकच विचारतात, "डॉक्टर, मूळ किती खोल गेलंय?" प्रश्न रास्त आहे. त्वचेच्या कॅन्सरमध्ये गाठ वरून केवढी दिसते यापेक्षा ती आत किती उतरली, हे अनेकदा जास्त महत्त्वाचं ठरतं. पण अधूनमधून एखादी डबी अशी येते की तिच्यात अर्धाच तुकडा असतो. उरलेला अर्धा दुसऱ्या लॅबमध्ये गेलेला असतो, "दोन ठिकाणी दाखवलेलं बरं" म्हणून. मग मुळाच्या खोलीचं खात्रीचं उत्तर आम्हालाही देता येत नाही आणि त्यांनाही.

खोली म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी झेरॉक्सच्या कागदाएवढा, म्हणजे सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. तळहात-तळपायाला तो बराच जाड, पापणीवर आणखी पातळ. त्याच्याखाली चिवट थर, साधारण 1 ते 4 मिलिमीटरचा. रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या, नसा याच थरात. त्याखाली चरबी. नेहमी दिसणारे त्वचेचे कॅन्सर वरच्या कागदाएवढ्या थरात सुरू होतात. कॅन्सर तिथेच थांबलेला असेल तर त्याला बाहेर पडायला वाट नसते, कारण त्या थरात रक्तवाहिनीच नाही. खाली उतरला की वाट मिळते.

सगळे सारखे उतरत नाहीत. बेसल सेल हा प्रकार मुख्यतः चेहऱ्यावर येतो आणि सावकाश वाढतो. शरीरात दुसरीकडे तो क्वचितच जातो. पण त्याच्या काही जाती त्वचेखालून बारीक मुळं फोडत आडव्या पसरतात, वरून पाहून त्यांची हद्द कळत नाही. नाकाशेजारी किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात असा व्रण वर्षानुवर्षं मलमावर काढला, तर तो कूर्चेपर्यंत, हाडापर्यंत पोचू शकतो.

स्क्वॅमस सेल हा आपल्याकडे जुन्या भाजल्याच्या व्रणात किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत पाहायला मिळतो. कमरेला धोतर घट्ट आवळून त्याच जागी सतत घासल्याने होणाऱ्या 'धोती कॅन्सर'बद्दल पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकरांनी 1945 सालीच लिहून ठेवलं आहे. आता धोतरं कमी झाली, पण साडीच्या परकराची नाडी आहेच. कमरेवरचा काळा, खरखरीत पट्टा मध्येच चिघळून भरत नसेल तर दाखवा. या प्रकारात खोली 2 मिलिमीटरच्या पुढे गेली की आम्ही जपून पाहतो. 6 च्या पुढे किंवा चरबीच्या खाली गेली तर धोका बराच वाढतो.

तिसरा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो कमी दिसतो, पण मिलिमीटरचा दहावा भागही मोजावा लागतो तो इथेच. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने 1970 मध्ये मांडलेलं खोलीचं माप आम्ही आजही वापरतो. 1, 2 आणि 4 मिलिमीटर हे त्याचे मुख्य टप्पे, आणि 0.8 ला आणखी एक रेघ. माप 1 च्या आत असेल तर सर्जन सहसा भोवतीची 1 सेंटिमीटर निरोगी त्वचा घेतात, 2 च्या वर असेल तर 2 सेंटिमीटर. जांघेतली किंवा काखेतली लसिकाग्रंथी (कॅन्सर पसरताना जिथे आधी पोचतो ती गाठ) तपासायची का, हेही बरंचसं याच आकड्यावर ठरतं. आपल्या लोकांत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायाला होतो आणि कुरूप समजून ब्लेडने तासला जातो. तसं करू नका.

आता अर्ध्या तुकड्याबद्दल. तुकडा आला की आधी आम्ही तो अख्खा पाहतो, मोजतो, कडांना शाई लावतो. मग अळूवडीचा उंडा कापावा तसे 2-3 मिलिमीटरचे आडवे काप करतो, म्हणजे प्रत्येक कापात वरपासून खालपर्यंत सगळे थर दिसतात. त्यातला जिथे कॅन्सर सर्वांत खोल गेलाय तो काप शोधायचा आणि तिथलं माप लिहायचं. तळ सगळीकडे सारखा नसतो. खड्डा एका बाजूला असतो. तुकडा आधीच दोन झाला असेल, तर तो खड्डा कोणाच्या वाट्याला गेला हे कुणालाच माहीत नसतं. आणि नेमका कापलेल्या रेषेवर आला, तर तिथली कड दबलेली, सुकलेली, तिरकी. तिरक्या कापात खोली आहे त्यापेक्षा जास्त भरते, आणि मग आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा?

एका आजोबांच्या टाचेवरचा डाग असाच वाटून आला होता. आमच्या अर्ध्यात 0.7 मिलिमीटर भरले, दुसरीकडे 1.6. दोन्ही रिपोर्ट आपापल्या तुकड्यापुरते बरोबर होते. घरच्यांना वाटलं, एक लॅब चुकली. मग दोन्हीकडचे ब्लॉक (तुकडा ज्यात बसवून ठेवतात ते मेणाचे ठोकळे) मागवणं, जुळवणं, पुन्हा कापणं यात तीन आठवडे गेले. ऑपरेशनची तारीख तोवर लटकलेली.

दुसरं मत घ्यायला आमची ना नाही. उलट मेलॅनोमासारख्या आजारात ते घ्याच, असं आम्ही स्वतः सांगतो. फक्त तुकडा वाटून नव्हे. तुकड्यावरची सगळी प्रक्रिया झाली की तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्यातून एक काप घेतो 4 मायक्रॉनचा, म्हणजे हिशेबाने 1 मिलिमीटरमध्ये 250 काप. सुरुवातीला छाटताना काही वाया जातात, तरी उरलेले पुरून उरतात. तेव्हा एका ठिकाणी अख्खा तुकडा द्या, रिपोर्ट घ्या, आणि ब्लॉक व स्लाइड (काप लावलेली काचपट्टी) घेऊन हव्या त्या मोठ्या सेंटरला जा. आमच्याकडे ब्लॉकचे पैसे लागत नाहीत, रजिस्टरमध्ये सही केली की मिळतो. वेगळी स्लाइड कापून हवी असेल तर तेवढंच बिल. अर्धा तुकडा मात्र आता आम्ही परत पाठवतो आणि दुसऱ्या लॅबला फोन करून दोन्ही भाग एका छताखाली आणायला सांगतो, मग ते छत त्यांचं असलं तरी चालेल. यावरून काही जण रागावतात. एक गिऱ्हाईक गेलं तरी हरकत नाही, अर्धवट आकड्यावर सही करणार नाही.

रिपोर्टमध्ये "किमान 0.9 मिमी" असं लिहिलेलं पाहून लोक विचारतात, म्हणजे नक्की किती? तुकडा वरवर तासलेला असला आणि खालच्या कडेलाही कॅन्सर दिसत असला, की त्याखाली किती उरलाय हे आम्हाला दिसतच नाही. पंचने, म्हणजे गोल पात्याच्या छोट्या हत्याराने, मोठ्या गाठीतून एक टिंबाएवढा भाग काढला असेल तरी तेच. अशा वेळी "किमान" हाच खरा शब्द. नक्की माप मोठ्या ऑपरेशननंतरच्या तुकड्यावर मिळेल.

आणि हो, तुकडा सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा कापसात गुंडाळून आणू नका. 10 टक्के फॉर्मेलिन (तुकडा सडू न देणारं द्रावण) हवं, तुकड्याच्या निदान दहा पट, आणि डबी रुंद तोंडाची. अरुंद बाटलीतून तुकडा आत जातो, पण घट्ट झाल्यावर बाहेर निघताना चेंगरतो. फॉर्मेलिन तासाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने आत शिरतं, म्हणून सकाळी दिलेल्या तुकड्याचा रिपोर्ट संध्याकाळी मागू नका. फॉर्मेलिनमध्ये एक रात्र, प्रक्रियेत दुसरी, मग ब्लॉक, कापणं, रंगवणं. जास्तीचे काप लागले तर आणखी एखादा दिवस. सर्जननी तुकड्याला दोरा बांधला असेल तर तो सोडू नका, वरची बाजू कुठली हे त्यावरूनच कळतं.

फॉर्मेलिन भरलेल्या डब्या आमच्याकडे फुकट मिळतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेऊन जा, झाकण घट्ट लावा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ऑपरेशन थिएटरमधून तुकडा थेट त्यातच जाऊ दे. डबीवर पेशंटचं नाव, वय, आणि डाग नेमका शरीराच्या कुठल्या भागावर होता ते पेनने नव्हे, पेन्सिलने लिहा. फॉर्मेलिन सांडलं की पेनची शाई पुसते.