मल्याळी समाजम

केरळबाहेर स्थायिक झालेल्या मल्याळी लोकांनी मुक्कामाच्या गावी उभारलेली नोंदणीकृत संस्था. ओणम साजरा करणे, मुलांना मल्याळम शिकवणे, ग्रंथालय आणि नाटक चालवणे, अडचणीत सापडलेल्या माणसाच्या मदतीला धावणे ही तिची मुख्य कामे. सिंगापूरची संस्था १९१७ची, मुंबईत माटुंग्याचा बॉम्बे केरळीय समाज १९३०चा, तर बहरीनचा केरळीय समाजम १९४७चा. यांपैकी अनेक संस्थांच्या पायाभरणीत परदेशी किंवा परप्रांती गेलेला शाळामास्तर असतो आणि तो योगायोग नव्हे.

केरळमध्ये संस्था चालवण्याची सवय गावातच लागते. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली ४७ ग्रंथालयांना एकत्र आणून त्रावणकोरात ग्रंथशाळा संघ उभा केला आणि पुढे वाचनालय, म्हणजे तिकडची ‘वायनशाला’, खेडोपाडी पोहोचली. तिथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, संध्याकाळी साक्षरता वर्ग भरत, नाटकाच्या तालमी होत. वर्गणीची पावती फाडणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब सभेपुढे मांडणे ही कामे बहुधा गावच्या मास्तरांकडे असत. तोच माणूस बाहेर पडला की ही विद्या त्याच्याबरोबर जाई.

शिक्षक बाहेर पडले ते मोठ्या संख्येने. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी १९५६ साली केरळमध्ये येऊन गेले. त्या काळात इथिओपियाच्या शाळांसाठी केरळमधून बरेच शिक्षक नेमले गेले. १९७४ मध्ये सम्राटांची सत्ता गेल्यावर त्यांतले अनेक नायजेरिया, झांबिया आणि पुढे अमेरिकेकडे वळले. अमेरिकेची कथा थोडी वेगळी आहे. १९६५च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर केरळच्या नर्स आधी गेल्या आणि त्यांच्यामागून नवरे गेले. त्यांत शिक्षक होते, पण इकडची पदवी तिकडच्या शाळेत बहुधा ग्राह्य धरली जात नसे. गोदामात किंवा कार्यालयात मिळेल ते काम करून शनिवार-रविवारी त्यांनी समाजमचे काम अंगावर घेतले. फोकाना हा उत्तर अमेरिकेतील मल्याळी संस्थांचा महासंघ १९८३ साली स्थापन झाला. पुढे त्यात फूट पडून फोमा हा दुसरा महासंघ निघाला.

स्थापनेची रीत देशागणिक बदलते. महाराष्ट्रात किमान सात सभासद, घटना आणि नियमावली घेऊन १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद करावी लागते. अमेरिकेत आधी राज्यात नोंदणी आणि मग देणग्यांवरील करसवलतीचा अर्ज. आखाती देशांत सरकारी परवान्याशिवाय संस्था चालवता येत नाही आणि तिथे राजकारणाला मज्जाव असतो. घटनेत दोन गोष्टी स्पष्ट नसतील तर संस्था पाचेक वर्षांतच कोर्टात जाते: मत माणशी की कुटुंबाला, आणि निवडणुकीनंतर बँकेतल्या सह्या किती दिवसांत बदलायच्या. जुनी कार्यकारिणी सह्या सोडत नाही म्हणून ऐन ओणमच्या तोंडावर सभागृहाचे भाडे अडून बसते. फुटीचे दुसरे कारण म्हणजे चर्च किंवा जातसंघटनेचा सोहळा आणि समाजमचा सोहळा एकाच सुट्टीच्या दिवशी येणे. वर्षाचे वेळापत्रक जानेवारीतच एकत्र बसून ठरवणाऱ्या गावांत हा वाद सहसा होत नाही.

ओणम चिंगम या मल्याळी महिन्यात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येतो. अत्तम (हस्त) ते तिरुवोणम (श्रवण) या नक्षत्रांपर्यंत असे दहा दिवस. परदेशात तो जवळच्या शनिवारी-रविवारी शाळेच्या सभागृहात साजरा होतो. फुलांची रांगोळी अर्थात पूक्कळम, तिरुवातिरकळी हे बायकांचे फेराचे नृत्य, मावेलीचे म्हणजे महाबली राजाचे आगमन हे सारे होतेच, पण परीक्षा लागते ती सद्येची, म्हणजे केळीच्या पानावरच्या जेवणाची. तीनशे माणसांसाठी शंभर-शंभरच्या तीन पंगती धराव्यात. तांदूळ कोरडा माणशी १०० ग्रॅम म्हणजे ३० किलो, पायसम म्हणजे खीर माणशी १५० मिलिलिटर म्हणजे ४५ लिटर, पाने दहा टक्के जास्त, कारण प्रवासात ती फाटतात. पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ, केळ्याचे वेफर, शर्करवरट्टी (गुळात घोळवलेले केळ्याचे काप), लोणची, आल्याची इंजीकरी, मग तोरन, अवियल, ओलन, काळन, पच्चडी या भाज्या-कालवणे अशी वाढणी करून भात येतो. भातावर आधी वरण-तूप, मग सांबार. वाढप्यांची तालीम झालेली नसेल तर पहिलीच पंगत तासभर रेंगाळते. इंजीकरी दोन दिवस आधी केली तरी चालते, ती मुरते. अवियल मात्र त्याच सकाळी करावी; नारळ-दह्याची भाजी गरम असताना झाकून गाडीत ठेवली तर दुपारपर्यंत आंबते. पालडा पायसम, म्हणजे दूध आणि तांदळाच्या पापुद्र्यांची खीर, निवल्यावर घट्ट होते, म्हणून पाच-सहा लिटर गरम दूध वेगळे ठेवतात.

भाषावर्ग हे समाजमचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. केरळ सरकारने २००९ साली मल्याळम मिशन सुरू केल्यापासून त्याला अभ्यासक्रम मिळाला: कणिक्कोन्ना दोन वर्षे, सूर्यकांती दोन, आंबल तीन, नीलकुरिंजी तीन. नावे फुलांची आहेत. शेवटची पायरी दहावीच्या तोडीची. वर्ग फुकट, शिक्षक स्वयंसेवक. विजयादशमीला मुलाच्या हाताला धरून तांदळात ‘हरि श्री गणपतये नमः’ गिरवून घेतात. त्या दिवशी वर्गाची नावनोंदणी केली तर पट भरतो. चूक होते ती पहिल्याच महिन्यात: अ-आ-इ-ई क्रमाने अक्षरे घोटवणे. मल्याळम लिपीतला ‘अ’ वळणावळणांचा आणि किचकट. त्यापेक्षा साध्या वळणाच्या अक्षरांचे ‘तऱ’ (जमीन), ‘पऱ’ (धान्याचे माप) असे शब्द आधी घेतले की मूल पहिल्याच दिवशी पूर्ण शब्द लिहून घरी जाते. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास खेळ आणि शिकवण्या आड येऊन मुले गळतात. त्या वयात त्यांना नाटकात घेतले, लहानांच्या वर्गाला मदतनीस केले तर बरीच टिकतात.

मदतीचे काम आखातात सर्वांत जड. कोणी वारला की मृत्युदाखला, पासपोर्ट रद्द करणे, दूतावासाचे ना-हरकत पत्र, देह टिकवण्याच्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र आणि विमानाच्या मालवाहतुकीतली जागा हे सारे जुळवावे लागते. एक कागद राहिला तर देह तसाच शवागारात पडून राहतो आणि गावाकडे घरचे वाट पाहत बसतात. म्हणून जुन्या संस्था या कामासाठी दोन माणसे कायमची नेमून ठेवतात आणि त्यासाठीचा निधी ओणमच्या खात्यात मिसळू देत नाहीत.

महाराष्ट्रात माटुंग्याबरोबर डोंबिवलीच्या केरळीय समाजमचेही नाव घ्यावे लागते. तिथला समाजम मॉडेल ही इंग्रजी माध्यमाची शाळा चालवतो आणि तिच्यात सर्व भाषांची मुले शिकतात. मुंबई-पुण्यातल्या मल्याळम वर्गांत मराठी कानावर असलेल्या मुलांना ल आणि ळ वेगळे करून सांगावे लागत नाहीत. अमेरिकेतल्या मुलांचे महिनेच्या महिने त्यातच जातात. अडते ते ‘ऴ’ या मल्याळम अक्षरावर. जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकू द्यायची नाही. टेकली की ‘ळ’ होतो. ‘मऴ’ (पाऊस), ‘पऴम’ (फळ), ‘वऴी’ (वाट) हे तीन शब्द रोज घोटून घेतले की तो बसतो.